नडगीवरच्या पायऱ्या

आमच्या आत्याला 'खोटा पाय' हा शब्द खपत नाही. खालच्या मजल्यावर नवीन शेजारीण राहायला आली, जिन्यात भेटली आणि आवाजात जमेल तेवढी साय आणून म्हणाली, "अगबाई, तुमचा एक पाय खोटा आहे म्हणे! कळतसुद्धा नाही हो!"

आत्या कठडा धरून थांबली. "खोटं काय बोललाय तो तुमच्याशी?"

"नाही म्हणजे..."

"खोटं बोलते ती जीभ. पायावर कशाला आळ घेता?"

शेजारीण आता आत्याची चाहूल लागली की दार लोटून घेते. बाबा म्हणतात, ताईच्या जिभेला हाड नाही. आत्या म्हणते, नसू दे, एक हाड कमी असायची मला सवय आहे.

ती बाबांची थोरली बहीण. विशीत मालवाहतुकीच्या एका कंपनीत, आलेला माल तपासून घ्यायच्या कामावर होती. मागे येणाऱ्या ट्रकने तिला भिंतीशी गाठलं आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुढे कृत्रिम अवयव केंद्रात ती पाय बसवून घ्यायला गेली, ती परत आलीच नाही. तिथेच नोकरीला लागली. "पाय मागायला गेले आणि तिथेच पाय रोवले," असं ती सांगते.

केंद्र म्हणजे एक लांबच लांब बैठी इमारत. एका टोकाला प्लास्टरची खोली, मध्ये भट्टी आणि घासकामाची यंत्रं, पलीकडच्या टोकाला दांड्यांची खोली. कारखान्याच्या छताला आकडे आहेत आणि त्यांना तयार पाय टांगलेले असतात, काही गुडघ्यापर्यंतचे, काही मांडीपर्यंतचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, वरून कुणीतरी स्लॅब फोडून खाली उतरत होतं आणि कमरेशी अडकलं. सगळीकडे रेझिनचा उग्र वास आणि पांढरी धूळ. तिथल्या माणसांच्या भुवया कायम म्हाताऱ्या दिसतात.

आत्याचं काम सगळ्यांत शेवटचं, रंगाचं. गव्हाळ, सावळा, निमगोरा, काळसर असे केंद्राचे आपले डबे आहेत, पण आत्या नुसता डबा उघडून ब्रश फिरवत नाही. माणसाचा उरलेला पाय उन्हात नेऊन पाहते. घोट्यावरची शीर, टाचेची भेग, चपलेच्या पट्ट्याखाली राहिलेला उजळ पट्टा, सगळं उतरवते. तिने रंगवलेल्या पायावर डास बसतो, अशी केंद्रात म्हण आहे.

पण रंगकाम पोटासाठी. तिचा जीव होता दांड्यांच्या खोलीत. तिथे कमरेइतक्या उंचीवर दोन समांतर लोखंडी दांड्या आहेत आणि समोर भिंतभर आरसा. नवा पाय घातलेला माणूस दांड्या धरून पहिल्यांदा चालतो तो तिथे. फिजिओताई बाजूला असायची आणि आत्या आरशापाशी, हात पाठीमागे बांधून. "हात पुढे केला की माणूस हाताकडे येतो," ती म्हणायची, "पायाकडे येतच नाही." किती जण तिच्या नजरेसमोर पुन्हा उभे राहिले, तिने कधी मोजलं नाही. मात्र त्या खोलीतून घरी आलेल्या दिवशी तिच्या नुसत्या चालीवरून आम्हाला कळायचं की आज कुणीतरी चाललं.

केंद्राचे अधीक्षक हे एक वेगळंच प्रकरण. त्यांचा शर्ट सकाळी जसा असतो तसाच संध्याकाळी असतो, म्हणून आत्याने त्यांचं नाव ठेवलं 'कडक इस्त्री'. माणूस वाईट नाही. पण त्यांचा एक आवडता खेळ होता. पाहुणे आले की आत्याला बोलवायचं, पॅन्टची दोन्ही टोकं थोडी वर करून चालायला लावायचं आणि विचारायचं, "ओळखा पाहू, यातला खोटा कोणता?" पाहुणे हमखास उजवीकडे बोट दाखवायचे. मग साहेब टाळी वाजवायचे. आत्याने हे वर्षानुवर्षं केलं. तिलाही त्यात गंमत वाटायची, स्वतःच्याच कामाची परीक्षा होती ती. पण घरी येऊन पाय काढून ठेवला की म्हणायची, "आज पुन्हा माझ्या खऱ्या पायाला खोटं ठरवलं. बिचाऱ्याने काय घोडं मारलंय कुणाचं?"

आणि एक होतं. तिचा गेलेला पाय खाजायचा. जो पाय नाही, त्याच्या तळव्याला, अंगठ्याच्या बरोबर खाली. चहा पिता पिता ती खाली वाकून हवेतच खाजवायची, अगदी मन लावून, आणि बरं वाटलं की "हं!" करायची. तरुणपणी तिने डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, मेंदूत त्या पायाची जागा अजून शाबूत आहे, तिथून हा भास होतो. आत्याला यातलं सगळं पटलं, फक्त 'भास' सोडून. "खाज आहे ना? मग पायही आहे. तुम्हाला दिसत नाही, हा तुमचा प्रश्न."

तो पाय तिच्या स्वप्नातही यायचा. स्वप्नात तो आतून पोकळ असायचा आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत त्यात पायऱ्या असायच्या. आत्या स्वतः त्या उतरत जायची. खाली घोट्यापाशी एक छोटं दार आणि दाराबाहेर पाण्याचा आवाज. दार उघडण्याआधी जाग यायची. हे ती सकाळी दात घासता घासता सांगायची आणि बाबा वैतागायचे, "ताई, स्वप्नं ती स्वप्नं. तोंड धू आधी."

पुढचं सगळं घडलं ते एका शब्दाच्या घोटाळ्याने. आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: 'अतिवास्तववाद : उगम आणि विचार. व्याख्याते : निवृत्त चित्रकला शिक्षक.' आत्याने वाचलं आणि माझ्या कोपराला धरून मला थांबवलं.

"हे ऐकायलाच हवं. वास्तव अति झालंय म्हणून शेवटी कुणीतरी तक्रार केली वाटतं."

"आत्या, ती चित्रकलेतली चळवळ आहे."

"असेना. तक्रार कुठूनही केलेली चालते."

व्याख्यानाला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मास्तर किडकिडीत, बोटांना कायमचा खडू लागलेला. ते बोलायला लागले आणि आत्या पहिल्या पाच मिनिटांतच पुढे सरकून बसली, कारण गोष्ट सुरू झाली ती चित्रांपासून नव्हे, इस्पितळापासून.

"शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट," मास्तर म्हणाले. "पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. विशी-पंचविशीतली काही कवी मुलं पॅरिसमध्ये जमायला लागली. त्यातल्या काहींनी युद्धात लष्करी इस्पितळांमध्ये काम केलं होतं. तोफांच्या आवाजाने मनं उसवलेले सैनिक त्यांनी जवळून पाहिले होते. ते सैनिक काहीच्या बाही बोलायचे. पण त्या बरळण्यात या मुलांना अशा प्रतिमा सापडल्या, ज्या शहाण्यासुरत्या कवितेत कधी आल्या नव्हत्या. आणि शहाणे लोक तेव्हा काय करत होते? नकाशे आखत होते, आगगाड्यांची वेळापत्रकं लावत होते. सगळं कसं तर्काला धरून. त्या तर्काच्या शेवटी लाखो माणसं मेली. मुलांनी विचारलं, मग वेडं कोण?"

मागून कुणीतरी खाकरलं. मास्तर थांबले नाहीत.

"युद्ध चालू असतानाच शेजारच्या एका तटस्थ देशात काही कलावंतांनी अर्थ नसलेल्या कविता ओरडून या शहाणपणाची टर उडवली होती. पण नुसती टर उडवून भागत नाही. मोडलं, पुढे काय? तेव्हा व्हिएन्नातला एक डॉक्टर सांगत होता की स्वप्न म्हणजे मनाचा केर नव्हे, तळघरातून आलेला निरोप आहे. मुलांनी तो धागा पकडला. कागद घेऊन बसायची आणि सुचेल ते भराभर लिहायची. खोडायचं नाही, हात थांबवायचा नाही, लाज बाळगायची नाही. एकोणीसशे चोवीस साली त्यांनी जाहीरनामा काढला. म्हणणं एवढंच होतं, की जागेपण आणि स्वप्न ही दोन वेगळी गावं नाहीत. दोन्ही मिळून जे होतं, ते पुरं वास्तव. मग चित्रकार आले, त्यांनी हे रंगात केलं."

आत्याने हात वर केला. "मास्तर, अति म्हणजे जास्तच ना? अति तिथे माती होते म्हणतात."

लोक हसले. मास्तरही हसले, पण त्यांना प्रश्न आवडला होता. "सगळे इथेच अडखळतात. मूळ फ्रेंच शब्दात 'वर' असा अर्थ आहे. वास्तव सोडून पळणं नव्हे. त्याच घराचा वरचा मजला. खाली स्वयंपाकघर आहे, वर स्वप्न आहे, आणि मधला जिना लोकांनी कुलूप लावून बंद केलाय. ही मंडळी म्हणाली, कुलूप तोडा."

"जिना," आत्या माझ्या कानाशी पुटपुटली. तिने माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं.

मग मास्तरांनी खडू उचलला. "तुम्हाला वाटेल, हे परदेशी खूळ आहे. पण आपण तरी दुसरं काय बोलतो? वाईट बातमी आली की आपल्या पायाखालची वाळू सरकते. तिसऱ्या मजल्यावर वाळू आली कुठून?" त्यांनी फळ्यावर एक साधी खोली काढली, फोन धरलेला माणूस काढला आणि त्याच्या चपलांखालून समुद्रकिनारा वाहून जाताना काढला. "पोटात कावळे ओरडतात. काढा त्यांना. घरटं कुठे बांधलंय त्यांनी, तेही काढा. एखादा नाकाने कांदे सोलतो. कसा सोलतो? आपण हे बोलतो आणि पाहत नाही. त्या लोकांनी पाहिलं, एवढाच फरक."

घरी येईपर्यंत आत्या एक शब्द बोलली नाही. आमच्या घरात ही बातमी होती.

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांनी सांगितलेला एक खेळ केंद्रात नेला. पॅरिसची ती मंडळी खेळायची तो. कागदाच्या घड्या करायच्या. एकाने डोकं काढायचं, घडी घालून लपवायचं, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय, आणि मग उलगडून पाहायचं. जेवणाच्या सुट्टीत प्लास्टरकाकांनी डोक्याच्या जागी किटली काढली, फिजिओताईने धड म्हणून कपाट काढलं, त्याचा एक खण अर्धा उघडा. आत्याने पाय काढले, बदकाचे. कागद उलगडला आणि प्लास्टरकाका हसून हसून खोकायला लागले. "हे तर आपले साहेब!" कुणीतरी म्हणालं. नेमके साहेब दारात.

त्यांनी कागद उचलला, पाहिला, खाली ठेवला. "इथे लोक अवयव गमावून येतात," ते म्हणाले. "आणि तुम्ही अवयवांची थट्टा करता?"

"थट्टा नाही साहेब," आत्या म्हणाली. "जुळवून पाहतोय."

"आपापली पायरी ओळखून राहा म्हणजे झालं."

ते गेले. आत्या मात्र टेबलाकडे पाहत राहिली, जणू साहेबांनी तिला काही आणून दिलं होतं. "पायरी," ती म्हणाली. "ओळखते की. रोज पाहते."

तिच्या पायाचं सॉकेट, म्हणजे ज्यात उरलेला पाय बसतो ती वाटी, तडकायला आलं होतं. नवा पाय हक्काने मिळणारच होता. तिने तो स्वतः करायला घेतला. एका पांढऱ्या सुती कापडावर तिने घरी, आमच्या जेवणाच्या टेबलावर, चित्र काढलं. माझं शिक्षण यंत्रांचं, म्हणून मला तिने फक्त एकच विचारलं: गोल नळीभोवती गुंडाळलं तर पायऱ्या वाकड्या दिसतील का? मी उलगडून आखून दिलं, तेवढाच माझा वाटा. कापड तिने केंद्रात पायावर ताणून चढवलं आणि वरून रेझिन ओतलं. म्हणजे चित्र पायावर नव्हतं, पायात होतं. खरवडून निघणार नव्हतं.

गुडघ्यापासून निघालेला दगडी जिना नडगीला वळसा घेत खाली उतरत होता. पायऱ्या झिजलेल्या, मधोमध खोलगट. पोटरीवर एक खिडकी, तिच्यातून एक हात बाहेर पडून कबुतराला नव्हे, एका चपलेला दाणे घालत होता. घोट्याशी हिरवं दार, आणि दाराखालच्या फटीतून पाणी बाहेर येऊन पावलावर पसरलेलं. बोटं पाण्याखाली. अंगठ्याच्या खाली, जिथे खाज यायची तिथे, एक छोटासा उघडा डोळा.

आईने पाहिलं आणि म्हणाली, "सुंदर आहे, पण त्या डोळ्यावर तुम्ही पाय देऊन चालणार?" बाबा डोक्याला हात लावून बसले.

"ताई, लोक काय म्हणतील?"

"लोकांना दोन-दोन पाय आहेत, तरी धावतात तोंडानेच."

"अगं, पण हे लपवायला नको का?"

"तू लपव. तुझं टक्कल लपव आधी."

ती सगळ्या पॅन्टी डाव्या बाजूला गुडघ्यापर्यंत दुमडून घालायला लागली. केंद्रात काहींनी मान फिरवली. नव्याने आलेल्या एका बाईने तर तोंडावर सांगितलं, "मला नको हं असलं. मला कुणी पाहू नये असाच हवा." आत्याने त्या बाईचा पाय उन्हात नेऊन पाहिला आणि तिला असा रंगवून दिला की ती स्वतःच क्षणभर बावरली. "तुझा पाय, तुझी मर्जी," आत्या म्हणाली. "माझ्या स्वप्नात तू का राहशील?"

दांड्यांच्या खोलीत त्या वेळी एक क्रेनवाला येत होता. उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवायचा. पाय जाऊन बरेच महिने झाले होते, नवा पाय तयार होता, बसतही होता, पण तो चाकाच्या खुर्चीतून उठत नव्हता. आरसा दिसला की मान खाली. फिजिओताईचे सगळे उपाय थकले होते. आत्याचा नवा पाय पाहून तो पहिल्यांदा काहीतरी बोलला.

"जिना खाली कुठे जातो?"

"माहीत नाही. दार उघडायच्या आत जाग येते."

"मला शिडी दिसते," तो म्हणाला. "क्रेनची. खाली यायला निघतो आणि जमीन येतच नाही."

"मग आज किती उतरलास ते सांगत जा रोज."

तो रोज सांगायला लागला. काही दिवसांनी नवं पाऊल जमिनीला टेकवायलाही लागला. भार देत नव्हता, पण टेकवत होता. आत्या घरी सांगायची, "येतोय खाली. हळूहळू येतोय."

अशात मोठ्या इस्पितळातले पाहुणे यायचे ठरले. साहेबांनी आत्याला खोलीत बोलावलं.

"परवा जुना पाय घाला."

"तो तडकलाय, साहेब."

"मग यावर मोजा चढवा. लांब, अंगाच्या रंगाचा." मग त्यांनी चष्मा काढला आणि जरा हळू बोलले. "बाई, मी काही दगड नाही. पण इथे येणारा माणूस लपायला येतो. जगाने त्याच्याकडे टक लावून पाहिलेलं असतं. त्याला लपायला जागा देणं हे आपलं काम आहे. तुम्ही ती जागा मोडताय."

आत्याला हे लागलं. घरी सांगताना ती म्हणाली, साहेबांचं बोलणं अगदीच काही चूक नव्हतं. पण त्यांना उत्तर दिलं ते असं: "लपायला मीही आले होते, साहेब. इतकी वर्षं इतकी छान लपले की मी आहे कुठे, ते मलाच सापडेना. आता सापडलेय तर पुन्हा मोज्यात घालू?"

पाहुण्यांसमोर ती पॅन्ट दुमडूनच आली. साहेबांनी सवयीने तोंड उघडलं, "ओळखा पाहू..." आणि वाक्य तिथेच राहिलं. ओळखायचं काय होतं त्यात? तेव्हा आत्याच म्हणाली, "यातला खोटा एकही नाही. एक माझ्या आईने दिला, एक मी केला."

एक वयस्क डॉक्टरीणबाई वाकून जिन्याकडे पाहत राहिल्या. "देखणं आहे," त्या म्हणाल्या. "पण नव्या रुग्णांसमोर नको. बिचकतील."

एवढं साहेबांना पुरेसं होतं. आत्याची बदली गोदामात झाली. रंगाचे डबे, पट्टे, स्क्रू, मोडकं सामान. दांड्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

आम्ही तिला हातपाय गाळलेली कधी पाहिली नव्हती. त्या आठवड्यात पाहिली. पाय काढून कोपऱ्यात उभा करायची आणि त्याच्याशीही बोलायची नाही. क्रेनवाल्याने आत्या आता येणार नाही म्हटल्यावर पुन्हा मान खाली घातली होती आणि पाऊल टेकवणं बंद केलं होतं. फिजिओताई गोदामात येऊन रडली.

मग एक दिवस साहेब स्वतः गोदामात आले. हातात गव्हाळ रंगाचा डबा आणि नवा ब्रश. डबा त्यांनी तिच्या टेबलावर ठेवला. "एक हात मारा. एकच. सोमवारपासून दांड्यांची खोली तुमची. तो क्रेनवाला तुमच्यासाठी अडून बसलाय, त्याचा तरी विचार करा."

साहेबांना नेमकी दुखरी जागा माहीत होती. बाबा म्हणाले, "ताई, एका माणसाचा प्रश्न आहे. रंग काय, मार एक हात." मीही तेच म्हणाले. आत्या आमच्याशी भांडली नाही, यावरूनच कळलं की ती खरोखर विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने व्हरांड्यात क्रेनवाल्याला गाठलं आणि सरळ विचारलं. "यावर रंग मारला तर मला आत येऊ देतील. मारू?"

त्याने तिच्या नडगीकडे पाहिलं. "माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मग मी उभा राहून पाहू काय? तुमची पुसलेली शिडी?" तो चिडला होता. "मला उभं करायला स्वतः खाली बसणार असाल तर नका येऊ. मी आहे तिथे बरा आहे."

"उद्धट आहेस," आत्या म्हणाली.

"शिकवणी कुणाची?"

आत्या गोदामात परतली. डबा तिथेच होता. आणि दाराशी, नुकतीच शिपायाने आणून टाकलेली, साहेबांची लाकडी खुर्ची होती. तिचा एक पाय डुगडुगत होता, दुरुस्तीला आली होती.

आत्याने आधी तो पाय नीट बसवला. सरस लावला, पाचर मारली. ती म्हणते, कामात खोट ठेवायची नाही. मग डबा उघडला.

सोमवारी सकाळी शिपायाने खुर्ची उचलून साहेबांच्या टेबलामागे ठेवली. शिपायाने पाहिलं होतं, पण तो म्हणतो, मला काय, मी वरून धरली होती. साहेब आले, फाईल उघडली, बसले. त्यांच्या खोलीचं दार दांड्यांच्या खोलीसमोरच आहे आणि ते नेहमी उघडं असतं. टेबलाखाली सहा पाय होते. दोन बुटांतले आणि चार अनवाणी. चारही गव्हाळ, चारही वेगळे: एकाच्या घोट्यावर शीर तटतटलेली, एकाच्या टाचेला भेगा, एकाचा अंगठा ठेच लागून निळा पडलेला. साहेबांनी जागेवर जरा हालचाल केली आणि त्या चारांपैकी एकाने बोटं आखडली, असं फिजिओताई आजही शपथेवर सांगते.

क्रेनवाला दांड्यांच्या मध्ये, चाकाच्या खुर्चीत, मान खाली घालून बसला होता. मान खाली होती म्हणूनच त्याला आधी दिसलं. त्याने डोळे चोळले. बसून टेबलाची कड आड येत होती, चौथा पाय नीट दिसत नव्हता. त्याने डावी दांडी धरली, मग उजवी. आणि बघायला म्हणून उभा राहिला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो दोन्ही पायांवर भार देऊन, मान वाकडी करून साहेबांच्या टेबलाखाली पाहत होता आणि हसत होता. हसण्याच्या आवाजाने साहेबांनी वर पाहिलं. त्यांना दिसला उभा असलेला क्रेनवाला. त्यांचा चेहरा उजळला, तेसुद्धा आनंदाने उठले, आणि मग खाली पाहिलं.

त्यापुढचं दोघांकडून दोन तऱ्हांनी ऐकलंय. शिपाई म्हणतो, साहेब खूप ओरडले. फिजिओताई म्हणते, ओरडले, पण पुन्हा त्याच खुर्चीत बसल्यावर. एवढं खरं की फिजिओताई धावत गोदामात आली, तेव्हा आत्या स्क्रू निवडत होती.

"उभा राहिला! आपण होऊन!"

"भार कुठल्या पायावर होता?"

"दोन्ही! अहो, दोन्ही!"

"मग ठीक आहे," आत्या म्हणाली. नंतर तिने दार लावून घेतलं. आत काय केलं ते तिने आम्हाला सांगितलेलं नाही, आणि आम्ही विचारायच्या फंदात पडलो नाही.

ती अजून गोदामातच आहे. माफी लिहून द्या म्हणाले, दिली नाही. दांड्यांची खोली तिला परत मिळाली नाही, आणि त्याचं दुःख तिला होत नाही असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. क्रेनवाला बरा होऊन गेला. त्याने आपला पाय कारखान्यातून आला तसा, न रंगवता काळाच ठेवला, त्यावर काहीही नाही. त्याला तसाच हवा होता. आत्या म्हणाली, बरोबर आहे, काळोखालाही कुणीतरी हवंच.

मागच्या महिन्यात तिच्या नव्या पायाची वेळ झाली. साहेबांनी गोदामाच्या दारात उभं राहून, आत न येता, विचारलं, "या वेळी त्यावर काय काढणार आहात, ते आधी कळेल का?"

आत्याने डोकं वर केलं नाही. "अजून पडलं नाहीये स्वप्न, साहेब," ती म्हणाली. "पडलं की घालूनच येते."